एकवीस टाक्यांची पिशवी

त्या रानात स्वतःचं घर स्वतः शिवायची पद्धत नव्हती. फार पूर्वी असेलही, पण आता ती कोणाच्या आठवणीत उरली नव्हती. ज्याला घर हवं असेल त्याने थोरल्या उंबराकडे जावं आणि तिथल्या एखाद्या शिंप्याला सांगावं. शिंप्याने पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडावीत, त्यांतून कापसाचा धागा ओवावा आणि झाडावरच्या झाडावर पानाची पिशवी शिवून द्यावी, असा रिवाज होता. शिंपी म्हणजे मुठीत मावेल एवढा हिरवट पक्षी. शेपूट उभी, आवाज देहाच्या मानाने मोठा. ज्या शिंप्याला उंबरावर फांदी मिळाली त्याच्या पोटाची चिंता मिटली, कारण उंबरातले किडे बारा महिने संपत नाहीत.

फांदी द्यायचं काम भारद्वाजाकडे होतं. अंगावर तांबूस पंखांची शाल, लाल डोळे, आणि चाल अशी की घाई ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेलीच नसावी. तो दरवर्षी पालवीच्या शेवटी खाली उतरे, उमेदवारांच्या रांगेसमोरून चालत जाई आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी, "तुझ्या शिवणीत याआधी कोण राहिलंय?" ज्याच्याकडे फांदी नाही त्याच्याकडे घर शिवून घ्यायला कोणी येत नसे. ज्याच्या शिवणीत कोणी राहिलं नाही त्याला फांदी मिळत नसे. ही गाठ कुठून सुटते ते कोणालाच सांगता येत नव्हतं. ज्यांची सुटली होती त्यांना ती कधी पडली होती हेही आठवत नव्हतं.

उंबराच्या समोर एक बाभूळ होती. पालवी फुटायला लागली की आसपासच्या रानांतले नवे शिंपी तिच्यावर येऊन बसत. त्या वर्षी त्यांत टाचणी नावाची एक मुलगी होती. ती ओढ्यापलीकडून आली होती. तिच्या रानात मोठी पानं नव्हती आणि मोठी घरंही नव्हती. आईने बोरीच्या फांद्यांत कसंबसं एक घरटं रचलं होतं, त्यात टाचणी वाढली. निघताना आईने एवढंच सांगितलं होतं की फांदी मिळाली तर बरंच, नाही मिळाली तर बोर आहेच. पण बोरीवर आता जागा नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.

बाभळीवर आल्याच्या पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घडली, आणि टाचणीने ती गोष्ट म्हणून धरलीच नाही. ओढ्याच्या वाटेवर भोकरीचं झाड होतं. त्यावर एक चष्मेवाली राहत होती, म्हणजे डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेला तो इवलासा पिवळा पक्षी. वयाने बरीच मोठी, बोलायला मोकळी. उंबराकडची रांग लांब होती आणि तिचा नंबर लागायची चिन्हं नव्हती. तिने टाचणीला हाक मारली. मला कलाकुसर नको, नक्षी नको, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणजे झालं, असं म्हणाली. टाचणीने भोकरीचं एक कोवळं पान निवडलं आणि पाच टाके घातले. तिची चोच तेव्हा कच्ची होती. धागा ओढून घट्ट करायला गेली की तो निसटे, म्हणून पाचही टाके लोंबते राहिले. चष्मेवाली आत शिरली, दोनदा गिरकी घेतली आणि म्हणाली, "चालतंय की गं." टाचणीने बाभळीवर येऊन हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. चष्मेवाली म्हणजे काय उंबराकडून आलेलं गिऱ्हाईक थोडंच. टाचणीही हसली, आणि पुन्हा तिने ती गोष्ट काढली नाही.

मग नमुने टाकायचे दिवस आले. प्रत्येक उमेदवाराने पानाचा एक तुकडा शिवून उंबराच्या बुंध्याशी ठेवायचा, वरून कोणीतरी येऊन पाहील, आवडला तर बोलावणं येईल, असा नियम होता. टाचणीने एक ठेवला. दुसऱ्या दिवशी तो वाऱ्याने उडून गेला होता. कोणी पाहिला की नाही, कळायला मार्ग नव्हता. तिने दुसरा ठेवला. असे तिने सत्तर नमुने ठेवले. उत्तर न येणं हेच उत्तर असतं, असं बाभळीवरचे जाणकार सांगत. पण ते जाणकारही बाभळीवरच बसलेले होते.  उंबरावर कुठे पान हललं तरी टाचणी फांदीच्या टोकाशी धावे. बोलावणं आलं आणि आपण नेमके पाणी प्यायला गेलेलो असलो तर, या भीतीने ती पाणी प्यायलाही जाईना.

अशा वेळी रानात भृंगराजाचा आवाज घुमू लागला. भृंगराज म्हणजे शेपटीला दोन लांब फिती असलेला काळा पक्षी. त्याला स्वतःचा असा आवाज नव्हता, पण बाकी सगळ्यांचे होते. तो पळसाच्या शेंड्यावर बसून उंबरावरच्या शिंप्यांच्या आवाजात बोले. कधी म्हणे, "मी कशिदा. दोन पालव्या बाभळीवर काढल्या. मग बखये गुरुजी भेटले. आज माझी फांदी पाहा." कधी दुसऱ्या कोणाच्या आवाजात तेच. आणि कशिदा खरोखरच उंबरावर होती. मधल्या फांदीवर बसून ती सकाळ-संध्याकाळ शिवत असे, हे बाभळीवरून स्पष्ट दिसत होतं. एवढा पुरावा असल्यावर शंका घ्यायची तरी कशाची?

बखये गुरुजी पळसाखाली शिकवत. ते पूर्वी उंबरावर होते, असं भृंगराज सांगे. शिकवणीचा मोबदला कापसात द्यायचा होता: सात पुंजके आधी, आणि पुढे लागतील तसे. सावरीची बोंडं फुटायला अजून अवकाश होता, त्यामुळे त्या दिवसांत कापूस कोणाकडेच नव्हता. टाचणीकडे होता तो सत्तर नमुन्यांत गेला होता. ती दोन दिवस पळसाकडे पाहत बसली. गरजवंताला अक्कल नसते असं म्हणतात, पण ते खरं नाही. अक्कल असते, ती एका बाजूला गप्प बसून राहते, इतकंच.

तिसऱ्या दिवशी ती ओढा ओलांडून बोरीवर गेली. आईने सगळं ऐकून घेतलं. गुरुजींनी फांदीची खात्री दिली आहे का, असं विचारलं. टाचणी म्हणाली की खात्री कोणीच देत नाही, पण त्यांच्याकडे शिकलेले वर बसलेत. आई उठली. मग घरट्यात वाकली आणि तळाशी घातलेलं अस्तर तिने ओढून काढलं. गेल्या साली सावरीखाली हिंडून जमवलेला कापूस होता तो. बसून बसून चपटा झालेला, आणि त्यात टाचणीचीच लहानपणची पिवळी लव अडकलेली होती.

"आई, तुझी अंडी घालायची वेळ होईल," टाचणी म्हणाली.

"अजून आहेत दिवस," आई म्हणाली. "तोवर तुला फांदी मिळेल. मग आणशील नवा."

टाचणीने तो कापूस चोचीत धरला. चोच भरल्यामुळे तिला पुढे काही बोलता आलं नाही, आणि ते एका परीने बरंच झालं.

बखये गुरुजी वयस्क होते, पण ताठ बसत. त्यांच्या शिकवणीत टाचणी धरून सात जण होते. गुरुजी वाईट शिकवत होते असं कोणी म्हणणार नाही. भोक पाडताना चोच तिरपी धरावी म्हणजे पान चिरत नाही, धाग्याचं टोक बाहेरच्या बाजूने पिंजून ठेवावं म्हणजे टाका उसवत नाही, अशा कितीतरी गोष्टी टाचणीला तिथे पहिल्यांदा कळल्या. भारद्वाजासमोर कसं उभं राहावं, शेपूट किती वर ठेवावी, हेही ते शिकवत. तुझ्यात काय कमी आहे असं विचारलं तर म्हणावं की मी टाके जरा जास्तच घट्ट घालते, म्हणजे कमीची कमी आणि गुणाचा गुण. सातही जणांनी ते पाठ केलं.

शिवायला पळसाची गळलेली पानं असत. ती झाडाखाली हवी तेवढी पडलेली होती. गळलेलं पान शहाणं असतं. ठेवावं तिथे राहतं, दुमडावं तसं दुमडतं. त्यांवर गुरुजी सगळ्यांकडून एकच वस्तू करून घेत: एकवीस टाक्यांची पिशवी. टाके सारख्या अंतरावर, धागा तारेसारखा ताणलेला, कडा इतक्या जुळलेल्या की मधून उजेड दिसू नये. महिनाभराने टाचणीला ती पिशवी जमली. ती खरंच सुंदर होती. टाचणी कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत बसली, आणि आपण हे केलं यावर तिचा विश्वास बसेना.

गुरुजींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि तयारी अजून थोडी कमी आहे असं सांगितलं. आणखी दोन पुंजके लागले.

तयारी दर वेळी थोडीच कमी असे. टाचणी पहाटेपासून गवतातून, कोळ्यांच्या जाळ्यांतून, जुन्या घरट्यांतून तंतू वेचत हिंडे आणि मिळेल ते गुरुजींच्या फांदीशी नेऊन ठेवे. त्यामुळे शिवायला तिच्याकडे धागा उरेनासा झाला. मग ती पानाला नुसती भोकं पाडी आणि धागा मनातल्या मनात ओवी. त्याहून वाईट एक गोष्ट झाली होती, ती तिच्या उशिरा लक्षात आली. पूर्वी ती भोक पाडायची तेव्हा फक्त पान पाहायची. आता भोक पाडण्याआधी तिची मान आपोआप गुरुजींकडे वळे. गुरुजींनी मान डोलावली की मगच चोच उतरे. ते दुसरीकडे पाहत असले तर ती चोच उचलून तशीच थांबून राही.

एकदा, भीत भीत, तिने भोकरीवरच्या पाच टाक्यांबद्दल त्यांना सांगितलं. भारद्वाजराव विचारतील तेव्हा ते सांगू का, असं विचारलं.

"टाके कसे होते?" गुरुजींनी विचारलं.

"सैल होते. लोंबत होते."

"मग ते विसरून जा," गुरुजी म्हणाले. "हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस. तिथे गेलीस की ही पिशवी पुढे ठेव आणि गप्प उभी राहा."

पालवी सरत आली. ओढ्यापलीकडून येणारी एक टिटवी टाचणीला सांगून गेली की आईने अंडी घातली आहेत, चार. काड्यांवरच घातली आहेत. टाचणीने त्या दिवशी काही खाल्लं नाही.

निवडीच्या दिवशी भारद्वाज खाली उतरला. बाभळीवरच्या बाकीच्यांनी यंदाची उमेद सोडली होती; रांगेत गुरुजींचे सातही विद्यार्थी शेपट्या सारख्याच उंचीवर धरून उभे होते, आणि प्रत्येकापुढे एकवीस टाक्यांची एकेक पिशवी होती. सात पिशव्यांत डावं-उजवं करणं अशक्य होतं. भारद्वाज पहिल्या पिशवीपाशी थांबला, दुसरीपाशी थोडा कमी थांबला आणि तिसरीनंतर थांबलाच नाही. रांगेच्या टोकाशी जाऊन तो वळला. त्याने तो प्रश्न विचारलाच नाही. त्याने एवढंच सांगितलं की प्रत्येकाने उंबराचं एकेक कोवळं पान घ्यावं, झाडावरच्या झाडावर शिवावं, आणि आठ दिवसांनी तो पाहायला येईल. शिवण्यापुरता कापूस वरून टाकण्यात आला.

सगळ्यांना हायसं वाटलं. शिवायचंच तर होतं. सातही जणांनी सात पानं घेतली आणि संध्याकाळच्या आत सात सुरेख पिशव्या उंबराच्या खालच्या फांद्यांना लटकू लागल्या. प्रत्येकीला एकवीस टाके, धागा तारेसारखा ताणलेला.

तिसऱ्या दिवशी टाचणी आपल्या पानाशेजारी बसली होती. वारा नव्हता. तरी तिला एक बारीक आवाज ऐकू आला, चर्रकन. तिने वाकून पाहिलं. सातव्या टाक्यापाशी पान फाटलं होतं. थोड्या वेळाने बाराव्यापाशी फाटलं. तिला वाटलं, भोक तिरपं गेलं असेल. मग शेजारच्या पानातूनही तोच आवाज आला, आणि त्याच्या पलीकडच्या पानातूनही. तिने आपलं पान नीट न्याहाळलं. शिवताना देठापाशी उभं राहिलं की तिचं नख पानाच्या कडेला टेकत होतं, ते आता टेकत नव्हतं. पान वाढत होतं. धागा मात्र होता तेवढाच होता.

ती थेट पळसाकडे उडाली. गुरुजींपुढे नवे सात बसलेले होते. टाचणीने धापा टाकतच सांगितलं की पान वाढतंय, टाके पान फाडतायत, काय करू. गुरुजींनी नव्या मुलांना पानं गोळा करायला पाठवून दिलं. 

"मी उंबरावर दोन पालव्या होतो," मुलं गेल्यावर ते म्हणाले. "तिसऱ्या पालवीला मला खाली यावं लागलं. माझ्या शिवणी फाटत. लोक तक्रारी घेऊन येत. का फाटतात, ते मला तेव्हाही कळलं नाही. टाके मात्र माझ्यासारखे कोणाचेच नव्हते, हे तेही मान्य करायचे."

"पण आम्हाला हे सांगायचं होतंत," टाचणी म्हणाली.

"इथली पानं फाटत नाहीत," गुरुजी म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

टाचणीची नजर त्यांच्या मागे गेली. पळसाच्या ढोलीत कापूस कोंबलेला होता, कितीतरी वर्षांचा, कितीतरी जणांचा. गुरुजींनी त्यातला धागाही काढलेला दिसत नव्हता. ते फक्त त्याला टेकून बसत. वरच्या थरात एक चपटा पुंजका होता आणि त्यात पिवळी लव होती. गुरुजींनी तिची नजर पाहिली आणि ते किंचित सरकून त्या पुंजक्यापुढे बसले. शिकवून झालेलं परत घेता येत नाही, तसंच हेही, असं काहीतरी ते पुटपुटले. टाचणीला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. दोन्ही राग घेऊन ती तिथून उडाली.

आता बोरीवर जायचं आणि आईला सांगायचं, असं तिने ठरवलं. भर दुपार होती. ओढ्याच्या वाटेवर भोकर लागली. कोणी पाहू नये म्हणून ती झाडाच्या पलीकडून जाणार होती, तेवढ्यात हाक आली.

"अगं ए टाचणे, इतके दिवस होतीस तरी कुठे? किती निरोप धाडले."

चष्मेवाली पिशवीच्या तोंडाशी बसली होती. टाचणी जवळ गेली आणि पाहतच राहिली. तेच पान होतं, पण आता दुप्पट मोठं झालेलं. लोंबते पाच टाके पानाबरोबर सरकत सरकत ताठ झाले होते. एकही भोक फाटलं नव्हतं. पिशवी ऐसपैस झाली होती, आणि आत तीन पिलं एकमेकांच्या डोक्यांवर चोची ठेवून बसली होती.

"घराला नावं ठेवत नाही मी," चष्मेवाली म्हणाली. "पण खालचा तो टाका पिलांच्या पायात येतो. मधल्याचा पाय अडकला होता काल. तेवढं बघ बाई, तू शिवलंस, तूच बघ."

आजवर टाचणीच्या शिवणीबद्दल कोणी तक्रार केली नव्हती. तिला रडू आलं. मग ती आत शिरली, पिलांना एका बाजूला केलं आणि खालचा टाका सोडवू लागली. भोक पाडताना तिची मान एकदा वळली. पलीकडे कोणी नव्हतं. फक्त एक पिलू तोंड उघडून तिच्याकडे पाहत होतं. तिने चोच उतरवली. टाका दोन बोटं वर सरकवून तिने गाठ बाहेरच्या बाजूने पिंजली, तिरप्या चोचीने, गुरुजींनी शिकवली होती तशी. मग बाहेर येऊन बाकीचे चार टाके ती पुन्हा पुन्हा पाहत राहिली. पानाने कुठे किती धागा ओढून घेतला होता, ते तिने नखाने मोजलं.

ती बोरीवर गेली नाही. उंबराकडे परतली आणि आपल्या पिशवीचे टाके काढू लागली. बाकीचे सहा जण जमले. गुरुजींनी सांगितलंय का, असं त्यांनी विचारलं. टाचणी नाही म्हणाली. सुरेख काम हातानं उसवतेस, वेड लागलंय का, असं एकजण म्हणाला. त्याचं म्हणणं बरोबर असू शकत होतं, आणि तसं निघालं तर आईच्या अंड्यांखाली घालायला काहीच उरणार नव्हतं. तिने एकवीसपैकी सोळा टाके काढून टाकले. फाटलेल्या कडा वळवून घेतल्या. उरलेल्या पाचांना मोजून ढील दिली. काम संपलं तेव्हा पिशवी इतकी गबाळी दिसत होती की तिला स्वतःलाच तिच्याकडे पाहवेना.

आठव्या दिवशी भारद्वाज आला. सहा पानं चिंध्या होऊन लटकत होती. सातवं कुरूप होतं, पण धड होतं. भारद्वाज त्याच्यासमोर थांबला.

"तुझ्या शिवणीत याआधी कोण राहिलंय?" त्याने विचारलं.

टाचणीने शेपूट खाली घेतली आणि भोकरीचं सांगितलं. भारद्वाज भोकरीच्या दिशेने चालत निघाला. त्याच्या त्या चालीने भोकरीपर्यंत पोचायला अर्धा दिवस गेला, आणि तो अर्धा दिवस टाचणी त्याच्या मागोमाग फांदीफांदीने सरकत राहिली. चष्मेवालीने त्याला पिलं दाखवली, सरकवलेला टाका दाखवला आणि एवढ्या मोठ्या साहेबाला दारात उभं करून शेजारणींच्या चार गोष्टीही सांगितल्या. भारद्वाजाने सगळं ऐकलं.

"ढील किती ठेवली होतीस?" परतताना त्याने विचारलं.

"ठेवली नव्हती," टाचणी म्हणाली. "तेव्हा मला घट्ट ओढता येत नव्हतं."

"आणि उंबराच्या पानाला?"

"त्याला ठेवली."

तिला उंबराची सगळ्यात खालची फांदी मिळाली. उन्हाच्या बाजूची होती आणि वरच्यांची घाण तिच्यावर पडे. त्याच आठवड्यात सावरीची बोंडं फुटली आणि रानभर कापूस उडू लागला, इतका की तो झटकून टाकावा लागे. टाचणी चोच भरून ओढ्यापलीकडे गेली. आई अंड्यांवर बसली होती. ती उठली, टाचणीने खाली कापूस पसरला. चारातलं एक अंडं गार पडलेलं होतं. आईने ते कडेला सारलं आणि फांदी कशी आहे, ऊन फार लागतं का, असं विचारलं. त्या अंड्याबद्दल दोघींपैकी कोणीच कधी बोललं नाही.

उंबरावर टाचणीचं बरं चाललं. तक्रारी येत, ती जाई आणि टाके सरकवून देई. मधल्या फांदीवरच्या कशिदाशी तिची ओळख झाली. गुरुजींकडे तुम्ही किती दिवस होतात, असं तिने एकदा विचारलं. कशिदा म्हणाली, चार दिवस. मग माझा कापूस संपला आणि शिकवणी सुटली.

वर्ष गेलं. पुन्हा पालवी फुटली, पुन्हा बाभूळ भरली. एका सकाळी टाचणी शिवत असताना पळसाच्या शेंड्यावरून आवाज आला.

"मी टाचणी. ओढ्यापलीकडची. सत्तर नमुने टाकले, एकाचंही उत्तर आलं नाही. मग बखये गुरुजी भेटले. आज माझी फांदी पाहा."

आवाज हुबेहूब तिचा होता. 'ओढ्या' म्हणताना ती किंचित अडखळते, तेही त्यात होतं. टाचणीच्या चोचीतला धागा सुटला. ती फांदीच्या टोकाशी आली आणि जीव खाऊन ओरडली की हे खोटं आहे, टाचणी मी आहे, मी इथे आहे.

बाभळीवरच्यांनी माना वर केल्या. त्यांतला एक शेजारच्याला म्हणाला, हल्ली भृंगराजाच्याही नकला करायला लागलेत, पण याला काही जमत नाही, आवाज फाटतो. आणि ते सगळे पुन्हा पळसाकडे पाहू लागले.

बाभळीच्या अगदी कडेच्या काटक्यांवर एक नवी मुलगी बसली होती. ती कोण, कुठली, हे तिला विचारून उपयोग नव्हता, कारण तिची चोच भरलेली होती. चोचीत जुना, बसून बसून चपटा झालेला कापूस होता आणि त्यात कोणाच्या तरी लहानपणची पिवळी लव अडकलेली होती. तिने एकदा उंबराकडे पाहिलं, एकदा पळसाकडे पाहिलं, आणि जिकडचा आवाज जास्त स्वच्छ येत होता तिकडे उडाली.